एक नंबरची केबिन तळ्यापार जाते

आर्विडनं केबिन पाडायची तारीखसुद्धा ठरवून ठेवली होती, हे व्हायोलाला तिसऱ्या कप कॉफीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

"सहा मार्च," आर्विड म्हणाला. "शनिवार आहे. मदतीला माणसं मिळतात."

"कुठली केबिन?"

"एक नंबरची."

व्हायोलानं कप खाली ठेवला. डुलूथच्या हॉस्पिटलात ती मुख्य नर्स होती. तिथं तिनं कप असा ठेवला की चार बायका उठून कामाला लागत. इथं, लेहतोला रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात, कुणी हललं नाही. आई, साइमी, पाव कापत राहिली. आर्विडची बायको मर्ना गुडघ्यांवर जाळीचं दार आडवं घेऊन जाळीला ठिगळ लावत होती. नऊ केबिनींची नऊ जाळीची दारं दर फेब्रुवारीत एकेक करून या स्वयंपाकघरातून जात. हे सातवं होतं.

"बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली केबिन," व्हायोला म्हणाली.

"बाबांनी स्वतःच्या हातांनी पाण्याच्या जास्तच जवळ बांधलेली केबिन," आर्विड म्हणाला. "तू बघून तरी ये. ऑक्टोबरच्या वादळात काठ ढासळला, पुढची पायरी हवेत लटकतेय. एप्रिलमध्ये बर्फ फुटून काठावर चढला की केबिन पाण्यात. मग ती मला होडीतून गोळा करावी लागेल."

"मागे सरकव."

"मागे खडक आहे. मीही इथंच वाढलोय, व्हायोला."

"आणि दर उन्हाळ्यात पाहुण्यांना तिच्या दारात उभं करून गोष्ट कोण सांगतं? 'माझे वडील उर्हो लेहतोला, एकोणीसशे एकोणतीस साली, जेव्हा या स्लेट लेकवर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा त्या माणसाची दूरदृष्टी बघा...'"

"गोष्टीला केबिन लागत नाही," आर्विड म्हणाला. "उलट केबिन नसली की गोष्ट वाढवता येते."

"बर्फावरून नेता येईल," मर्ना म्हणाली.

ती जाळीतून सुई ओढत होती, मान वर न करता. मर्ना आयोवाची. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथं आली तेव्हा तिनं आयुष्यात तळं असं एकच पाहिलं होतं, गुरांना पाणी प्यायला खणलेलं. तेव्हापासून तिनं काहीही सुचवलं की घरात कुणीतरी "आयोवात तळी नसतात, मर्ना" असं म्हणे आणि विषय संपे. आजही आर्विडनं त्यासाठी तोंड उघडलं होतं.

"मी काल भोकं पाडून बघितली," मर्ना पुढे म्हणाली. "आपल्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत सहा ठिकाणी. बर्फ कुठंच सव्वीस इंचांच्या खाली नाही. खाली दोन लांब ओंडके घालायचे, साखळी बांधायची, पुढे लाकूडवाल्यांचा ट्रॅक्टर. तोही विचारून ठेवलाय. सपाट जागा एकच आहे, ओन्नीकाकांच्या काठावर."

आईची सुरी पावात अर्ध्यावर थांबली.

"जाळून टाका," साइमी म्हणाली.

"आई?"

"आर्विड म्हणतो ते बरोबर आहे. पाडा आणि जाळा. जुनी लाकडं आहेत, सॉनात छान पेटतील."

व्हायोला आईकडे बघत राहिली. आर्विडही बघत राहिला. १९६३ साली त्यानं धक्क्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, तेव्हापासून आईनं त्याच्या एकाही म्हणण्याला होकार दिला नव्हता, आणि हा पहिला होकार त्याला काही आवडला नाही. आपल्याच बाजूनं कुणी एवढ्या जोरात बोललं की माणसाला वाटतं, आपलं कुठंतरी चुकतंय.

"विचारून तर बघू काकांना," तो म्हणाला. "तीन वाजता येतीलच."

ओन्नी लेहतोला म्हणजे उर्होचा थोरला भाऊ. वय एकाहत्तर, लग्न केलेलं नाही, घर तळ्याच्या खाडीपलीकडे, बरोबर समोर. एकोणतीस सालच्या जुलैत तो तिकडे राहायला गेला आणि त्या दिवसापासून धाकट्या भावाशी एक शब्द बोलला नाही. का, ते मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. पण शनिवारी सॉना ही गोष्ट वेगळी. सॉना, म्हणजे फिनिश माणसांची वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, या काठावर होता, दोघा भावांनी मिळून बांधलेला, आणि भांडण झालं म्हणून माणसानं आंघोळ सोडायची नसते. त्यामुळे दर शनिवारी तीन वाजता ओन्नी येई, उन्हाळ्यात होडीनं आणि हिवाळ्यात चालत, आणि दोघे भाऊ एका बाकावर शेजारी शेजारी बसून घाम गाळत. एकोणतीस वर्षं, न बोलता. याला भांडण म्हणावं की शेजारधर्म, हे मर्नाला अजून ठरवता आलेलं नव्हतं. मग अठ्ठावन्न साली उर्हो वारला. ओन्नी येतच राहिला. वहिनीशी तो तिसऱ्या माणसाच्या मार्फत बोले. हे काम बहुतेक मर्नाकडे येई, कारण घरात सगळ्यात नवी तीच होती.

*

पुरुषांची पाळी आधी. आर्विडनं तापल्या दगडांवर तीन पळ्या पाणी टाकलं, वाफ कानांपर्यंत येऊ दिली आणि मगच तोंड उघडलं. सॉनात घाईनं बोललेलं ओन्नीकाकाला आवडत नसे.

"काका, एक नंबरची केबिन तुमच्या काठावर आणून ठेवली तर चालेल?"

ओन्नीनं स्वतः एक पळी टाकली.

"ठेव," तो म्हणाला. "माझीच आहे."

आर्विडला वाटलं, वाफेनं कान बंद झाले. "काय म्हणालात?"

"मी बांधली. अठ्ठावीसच्या हिवाळ्यात पाइन तोडले, उन्हाळ्यात भिंती उभ्या केल्या. राहायला बांधली होती. उर्होनं छपराला हात लावला, ते खोटं नाही. त्याची बाजू अजून गळते."

गळते, हे खरं होतं. आर्विडनं स्वतः ती बाजू चार वेळा दुरुस्त केली होती.

"पुढच्या वसंतात मी नदीवर ओंडके वाहून न्यायच्या कामाला गेलो," ओन्नी म्हणाला. "जुलैत परत आलो. दार उघडलं तर माझ्या पलंगावर एक माणूस झोपलेला. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. शिकागोचा दातांचा डॉक्टर. त्यानं डोळे उघडले आणि मला विचारलं, 'सरपण आणलंस का?'"

"मग तुम्ही काय केलं?"

"आणून दिलं. दोन भारे. मग माझा कोट घेतला आणि होडीत बसलो."

"बाबांशी भांडलात?"

"नाही. भांडायचं तर बोलावं लागतं." त्यानं सॉनातल्या रिवाजाप्रमाणे स्वतःच्या पाठीवर बर्चच्या डहाळ्यांचे चार फटके मारले. "भावाची खोली भाड्यानं द्यायची तर भावाला विचारावं. एवढंच माझं म्हणणं होतं."

आर्विडनं मनात हिशोब केला. वीस उन्हाळे. दर उन्हाळ्यात दहा-बारा आठवडे, दर आठवड्याला नवे पाहुणे आणि दर वेळी त्या दारात उभं राहून दूरदृष्टी.

"काका, मी लोकांना सांगत आलोय की..."

"ठाऊक आहे मला काय सांगतोस ते," ओन्नी म्हणाला. "पाण्यावरून आवाज लांबवर येतो. मागच्या वर्षी त्यात एक अस्वलही आलं होतं."

*

बायकांची पाळी आली तेव्हा बाहेर सावल्या लांबल्या होत्या. मर्ना सगळ्यात खालच्या बाकावर बसली. बावीस वर्षांत ती मधल्या बाकापर्यंत एकदाच पोचली होती. वर साइमी आणि व्हायोला, मायलेकी, एकाच तऱ्हेनं पाठ ताठ करून.

"आई," व्हायोला म्हणाली, "बाबांची केबिन जाळायचं तुझ्या तोंडून कसं निघालं?"

"ती त्यांची नव्हती. ओन्नीची होती."

मर्नानं मान वर केली. वाफेत दोघींचे फक्त पाय दिसत होते.

"ओन्नी कामावर गेलेला, उर्हो खाणीत पाळीवर," साइमी म्हणाली. ती हवामानाबद्दल बोलावं तशी बोलत होती. "मी एकवीस वर्षांची, लग्नाला चार महिने झालेले. पाऊस लागला होता. दारात एक माणूस, डोक्यापासून भिजलेला, हातात मासे धरायची काठी, गाडी चिखलात रुतलेली. इंग्रजीत काहीतरी विचारत होता. मला इंग्रजीतला एकच शब्द नीट यायचा. 'येस.' म्हणून येस म्हटलं. आणखी काही विचारलं, येस म्हटलं. त्याला रिकाम्या केबिनीत नेलं, चूल पेटवून दिली. नंतर कळलं की त्यानं दोन आठवडे राहू का असं विचारलं होतं. आणि पुढच्या वर्षी मेहुण्यालाही घेऊन येऊ का."

"म्हणजे हे रिसॉर्ट..." मर्ना म्हणाली.

"येस," साइमी म्हणाली.

व्हायोला हसायला लागली. सॉनात हसलं की गरम हवा घशात जाते. ती खोकत खालच्या बाकावर मर्नाशेजारी येऊन बसली. पण हसू ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि तिचा आवाज बदलला.

"मग काकांनी बाबांशी का बोलणं टाकलं? तू सांगितलं नाहीस त्यांना?"

वरच्या बाकावर साइमीनं पाय आखडून घेतले.

"तुझे बाबा म्हणाले, तू गप्प राहा. मी त्याचा भाऊ आहे, माझ्यावर चिडला तर कधीतरी निवळेल. तुझ्यावर चिडला तर तू या घरात नवी, जन्मभर ते तुझ्या अंगाला चिकटेल." साइमीनं पाण्याची पळी उचलली आणि तशीच परत बादलीत ठेवली. "मला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. मग हिवाळा आला. मग आर्विड झाला. एखादी गोष्ट पहिल्या वर्षी सांगितली नाही की दुसऱ्या वर्षी ती सांगायला दुप्पट जीव लागतो."

"बाबा गेल्यावर तरी सांगायचं."

"बाबा गेल्यावर? ज्याच्या कामी आलं असतं तो गेला, आणि मग मी जाऊन सांगू?"

मर्नाला खरं तर काही बोलायचं नव्हतं. पण नव्या बाईबद्दल काहीतरी बोललं गेलं होतं आणि तिला वाटलं, यातलं थोडं आपल्यालाही कळतं.

"दुसराही आहे अजून," ती म्हणाली. "एकाहत्तर वर्षांचा. चालत येतो."

साइमीनं बादली उचलली. तिनं दगडांवर एवढं पाणी ओतलं की मर्नाला दार उघडून बाहेर पळावं लागलं.

*

कॉफीला सगळे टेबलाभोवती बसले तेव्हा प्रत्येकाकडे अर्धी अर्धी गोष्ट होती. आर्विड बहिणीकडे बघत होता, बहीण त्याच्याकडे, आणि दोघांचेही चेहरे नुसत्या वाफेनं होतील त्याहून जास्त लाल होते.

"मर्ना," ओन्नी म्हणाला, "तिला सांग, केबिन माझ्या काठावर ठेवायला माझी हरकत नाही. आणि पावात वेलदोडा जास्त झालाय, तेही सांग."

साइमी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

"मर्ना, त्याला सांग, वेलदोडा गेली चाळीस वर्षं टाकते तेवढाच आहे."

"मग तिला सांग, चाळीस वर्षं जास्त होतोय."

"दोघांनाही ऐकू आलं," मर्ना म्हणाली आणि पावाचा मोठा तुकडा तोंडात घातला.

आर्विड आणि व्हायोला कप विसळायच्या निमित्तानं उठले. नळ सोडून, पाण्याच्या आवाजाखाली, दोघांनी आपापल्या अर्ध्या गोष्टी एकमेकांना सांगितल्या. सकाळी याच दोघांत उभा दावा होता. आता आर्विडनं पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "तिनं सांगायला हवं."

"सांगायलाच हवं," व्हायोला म्हणाली.

"तू सांग तिला."

"तू थोरला आहेस."

एवढ्यात मागून साइमीचा आवाज आला. "केबिन न्यायची असेल तर मी आत बसून येणार."

"आई, बर्फावर दहा टनांचं धूड ओढायचंय. आत बसायला ती काही बस आहे?"

"खिडक्यांच्या काचा कोण धरणार? अठ्ठावीस सालच्या काचा आहेत. मी बसणार, नाहीतर सहा मार्चला पाडा."

ओन्नी टोपी चढवत होता. "मर्ना, तिला सांग, हा मूर्खपणा आहे."

"तो म्हणतो..."

"ऐकलं मी," साइमी म्हणाली. पण तिनं हट्ट सोडला नाही, आणि तिला आडवं येण्याइतकं धाडस त्या घरात कुणाकडे नव्हतं.

*

सत्तावीस फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता केबिन निघाली. आदल्या तीन दिवसांत आर्विड आणि ओन्नीनं ती जॅकवर उचलून खाली दोन ओंडके सरकवले होते. वारा नव्हता, ऊन कोरडं, थंडी शून्याखाली वीस. आर्विड ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरचं आणि केबिनीचं वजन एका ठिकाणी पडू नये म्हणून मध्ये लांबलचक साखळी. सगळ्यांच्या पुढे ओन्नी, हातात लोखंडी पहार, दर पंधरा पावलांवर बर्फ ठोकून बघत. बाजूनं, बऱ्याच अंतरावरून, व्हायोला आणि मर्ना. आणि खिडकीत साइमी. डोक्याला रुमाल, हातात मोजे, समोर बघत, एखादी बाई बैलगाडीत बसून बाजाराला चालल्यासारखी.

"चाललीय बघ," व्हायोला म्हणाली. सगळा जन्म जी वस्तू एका जागी बघितली ती डोळ्यांसमोरून हळूहळू सरकत जाताना कसंसंच वाटतं.

खाडीच्या मध्यावर साखळीचा आकडा तुटला.

मोठा आवाज झाला नाही, नुसता टक्कन झाला. ट्रॅक्टर झटक्यानं चार हात पुढे गेला आणि केबिन जागच्या जागी उभी राहिली. आर्विडनं ट्रॅक्टर आणखी दूर नेऊन थांबवला. बर्फावर वजन उभं राहणं वाईट. ओंडके चिकटतात, आणि बर्फ वाकतो. तेवढ्यात तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक खोल आवाज धावत गेला आणि केबिनीच्या कोपऱ्यापासून केसासारखी एक रेघ निघाली. बर्फ दिवसभर असे आवाज करतो. इथल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही, पण इथल्या माणसांची आई त्या वेळी बहुधा आत बसलेली नसते.

ओन्नी वळला. तो चालत केबिनीपाशी आला आणि दारासमोर उभा राहिला.

"साइमी," तो म्हणाला. "खाली उतर."

मर्नानं इकडेतिकडे बघितलं. निरोप द्यायला कुणी जवळ नव्हतं. त्यानं तो थेट दिला होता.

दार उघडून साइमी उंबऱ्यावर आली. "तू बोललास."

"बर्फ बोलला म्हणून बोललो. उतर."

"आधी ऐक. त्या डॉक्टरला मी ठेवलं होतं, ओन्नी. उर्हो घरी नव्हता. त्यानं ठेवलं नाही. मी."

ओन्नीनं हातातली पहार बर्फात टेकवली.

"त्याला ठाऊक होतं?" मग त्यानं विचारलं.

"त्यानंच मला गप्प राहायला सांगितलं. माझ्यावर येऊ नये म्हणून."

ओन्नीनं तिला हात दिला. ती उतरली. त्यानं तिला रेघेपासून वीस पावलं लांब नेऊन उभं केलं, हात सोडला, पहार खांद्यावर टाकली आणि आपल्या घराच्या दिशेनं चालायला लागला. मागे वळून बघितलं नाही.

आर्विड धावत आला. "काय झालं? काका कुठं चालले?"

"सांगितलं मी त्याला," साइमी म्हणाली.

"आत्ता? आई, काठाला लागेपर्यंत थांबवलं नाही?"

"बेचाळीस वर्षं थांबवलं की," साइमी म्हणाली. तिची हनुवटी थरथरत होती आणि ती थंडीनं थरथरतेय असं तिला दाखवायचं होतं. व्हायोलानं आपला स्कार्फ काढून तिच्या गळ्यात गुंडाळला.

ओन्नी घरी पोचला. बूट न काढता तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. खिडकीतून त्याची केबिन दिसत होती, उघड्या बर्फावर एकटी. त्याला उर्होचा शेवटचा शनिवार आठवला. उर्होचा खांदा दुखत होता. त्यानं पाण्याची बादली उचलून ओन्नीच्या बाजूला ठेवली होती, म्हणजे आता तू टाक. ओन्नीनं टाकलं होतं. त्याच्या मनात तेव्हा आलं होतं, आता हा बोलेल, चुकलं म्हणेल. आणि तो म्हणाला नाही म्हणून ओन्नी पुन्हा चिडला होता, शांतपणे, घरी चालत येईपर्यंत. आता त्याला कळलं की म्हणण्यासारखं त्या माणसाकडे काही नव्हतंच. तो बसून राहिला. मग त्यानं चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, उठला, छपरीत गेला आणि जुना लोखंडी आकडा शोधायला लागला, ओंडके ओढायचा, मनगटाएवढ्या जाडीचा.

अर्ध्या तासानं तो बर्फावरून येताना दिसला. एका खांद्यावर आकडा, दुसऱ्यावर घण.

"आधी ही काठाला लावू," तो आर्विडला म्हणाला. "मग मी चिडणार आहे."

आणि तसंच केलं. घणाचे घाव घालून ओंडके बर्फातून सोडवले, आकडा घातला, ट्रॅक्टरनं जोर लावला. साइमी या वेळी चालत आली, मर्नाच्या दंडाला धरून. साडेबाराला एक नंबरची केबिन ओन्नीच्या काठावर चढली आणि सपाटीवर जाऊन थांबली. एक काच तडकली होती.

ओन्नीनं घण नीट भिंतीला टेकवून ठेवला. हातमोजे काढले. मग तो साइमीसमोर उभा राहिला आणि चिडला.

फिनिशमध्ये चिडला. तरुणपणी जे काही बोलायचं ठेवलं होतं ते सगळं ओळीनं बाहेर यायला लागलं. साइमी गप्प ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. ती कमरेवर हात ठेवून उत्तरं द्यायला लागली. दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. आर्विड ट्रॅक्टरवर, इंजिन चालू ठेवून, कुठं बघावं हे न कळून स्टिअरिंगकडे बघत होता. त्यानं जन्मात या दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" मर्नानं विचारलं. बावीस वर्षांत तिचं फिनिश स्वयंपाकघराच्या बाहेर गेलं नव्हतं.

"तेहतीस साल चाललंय," व्हायोला म्हणाली. "काका म्हणतायत, तेव्हा माझी होडी बुडाली तर उर्होनं रात्रीतून नवी वल्ही करून धक्क्यावर ठेवली, आणि मी ती वापरली पण आभार मानले नाहीत. आई म्हणते, वल्ही उर्होनं केली पण तेल तिनं लावलं."

थोडा वेळ गेला.

"आता?"

"चव्वेचाळीस. पावाचं काहीतरी आहे."

मर्नानं पिशवीतून थर्मास काढला, व्हायोलाला आणि स्वतःला कॉफी ओतली आणि एक कप ट्रॅक्टरवर नेऊन दिला. परत येईपर्यंत आवाज उतरले होते. साइमी ओंडक्यावर बसली होती. ओन्नी तिच्यासमोर उभा होता, टोपी हातात, थंडीत उघडं डोकं. त्यानं हळू आवाजात काहीतरी विचारलं. साइमीनं त्याहून हळू उत्तर दिलं.

"काय?" मर्ना म्हणाली.

व्हायोलानं आधी नाक पुसलं.

"काकांनी विचारलं, शनिवारी मी गेल्यावर उर्हो माझ्याबद्दल काय म्हणायचा." तिनं एक श्वास घेतला. "आई म्हणाली, दर शनिवारी तेच. 'ओन्नीचा खोकला आज बरा वाटला.' नाहीतर, 'ओन्नीचा खोकला आज बरा वाटला नाही.' बस. दुसरं काही नाही."

ओन्नीनं टोपी डोक्यावर चढवली. ती नीट बसवायला त्याला बराच वेळ लागला. मग तो साइमीशेजारी ओंडक्यावर बसला, आणि दोघं ज्या काठावरून आली होती त्या काठाकडे बघत राहिली.

आर्विडला शेवटी राहवलं नाही. "काका, इंजिन गार होईल. दार कुठल्या बाजूला करून लावायची, ते सांगा."

ओन्नीनं साइमीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "घर तुझं आहे."

ओन्नी उठला. केबिनीभोवती एक फेरी मारली. काठावरून खाली बर्फाकडे बघितलं, पलीकडच्या आठ केबिनींकडे आणि त्यांच्या धुराड्यांकडे बघितलं. जूनमध्ये त्या भरतील, आणि धक्क्यावर उभा राहून आर्विड नव्या पाहुण्यांना काहीतरी नवीन सांगत असेल.

"तुमच्याकडे तोंड करून लाव," तो आर्विडला म्हणाला. "गोष्ट आता काय सांगतोस ते मला ऐकायचंय."

"अस्वल ठेवू का?"

"अस्वल राहू दे," साइमी म्हणाली.

आर्विडनं गिअर टाकला. ट्रॅक्टरनं धूर सोडला, साखळी ताठ झाली, आणि केबिन करकरत हळूहळू वळायला लागली.